जवस सोसत नाही

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चारुशीला नावाची एक बाई बंद पडलेला टेबलफॅन काखेत मारून प्रेमलताच्या दारात उभी राहिली, आणि प्रेमलताच्या चौदा वर्षांच्या संसाराला तिथून घरघर लागली. संसार म्हणजे नवऱ्याचा नव्हे. प्रेमलताचं लग्न झालंच नव्हतं. तिचा संसार म्हणजे धाकटा भाऊ धम्मानंद, नागपुरात इंदोऱ्याच्या मागल्या गल्लीतल्या दोन खोल्या आणि एक पाटा-वरवंटा.

प्रेमलता पन्नाशीची. मनपाच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, दुपारी दोनला घरी परतायची. धम्मानंद तिच्याहून आठ वर्षांनी लहान. जळालेल्या मोटरींत नवी तार भरण्यात एकेकाळी कामठी रोडवर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. अठ्ठाविसाव्या वर्षी मात्र त्याला दुसऱ्या कोणाला ऐकू न येणारे आवाज ऐकू यायला लागले. काम सुटलं, खिडकीला फळी लागली, आणि एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली, की घरचे लोक आपल्या जेवणात काहीतरी घालून राहिले आहेत. आई त्याच धसक्यानं गेली. कन्हानचं एक स्थळ प्रेमलताला सांगून आलं होतं, खाणीत नोकरीला असलेला बिजवर. तिनं परस्पर नकार कळवून टाकला. भावाला कोणाच्या भरवशावर सोडून जायचं?

मोठ्या सरकारी दवाखान्यात धम्मानंद एकदा पंधरा दिवस भरती होता. परत आला तो पुन्हा तिकडे पाऊल टाकणार नाही अशी आण घेऊन. गोळ्या हातात दिल्या की सरळ नालीत. तेव्हा तिथल्या एका डॉक्टरनं प्रेमलताला उभ्या उभ्या सांगितलं होतं, "घेत नसेल तर जेवणातून द्या. त्याला सांगायचं काम नाही." तो डॉक्टर बदलून कुठे गेला कोण जाणे, त्याचं हे एक वाक्य मात्र या घरात चौदा वर्षं चाललं.

वरणात घातली तर त्याला चव लागायची. दुधात घातली तर तो दूध उजेडात धरून बघायचा. शेवटी प्रेमलताला जवसाची चटणी सापडली. जवस खमंग भाजायचे, लाल मिरची आणि लसूण सढळ हातानं घ्यायचा, आणि सगळं पाट्यावर रगडताना एक पांढरी गोळी त्यात जिरवून टाकायची. कडू कुठल्या कुठे जायचं. संध्याकाळी दिवेलागणीला ताट वाढलं की धम्मानंद ते तिच्याकडे सरकवायचा. "आधी तू खा, बाई." मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणायचा. ती भाकरीचा तुकडा मोडायची, वरणात बुडवायची, भाजी चाखायची. चटणीला हात लावायची नाही.

"चटणी काहून नाही खात वं?"

"मले जवस सोसत नाही गा. पित्त होते."

आता खरी गोष्ट अशी, की जवसाची चटणी म्हणजे प्रेमलताचा जीव की प्राण. लहानपणी पाट्यावरची उरलेली चटणी बोटानं चाटते म्हणून तिनं आईचा मार खाल्लेला. पण चौदा वर्षं तिनं तो घास तोंडात घातला नाही, माघारीसुद्धा नाही. न जाणो, त्याला तोंडाचा वास यायचा.

कधीकधी तो घास हातात धरून विचारायचा, "बाई, तू यात काही टाकत तं नाही?"

"काहीही बोलतं का गा? मी तुही बहीण आहो का वैरीण?"

मग तो खाली मान घालून जेवायचा. आवाज विरत गेले, खिडकीची फळी निघाली, रात्रीच्या येरझाऱ्या थांबल्या. धम्मानंद शांत झाला. मात्र घराबाहेर काही केल्या पडेना. तिनं नवस सोडून सगळं करून पाहिलं, रागावली, रडली, हात धरून ओढलं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा तो कधी आला नाही.

आणि ही टेबलफॅनवाली.

वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत 'सोबत' नावाचं एक केंद्र सुरू झालं होतं. मनाच्या आजारातून उठणाऱ्या माणसांनी तिथं यावं, बसावं, काही काम करावं. दर शुक्रवारी एक डॉक्टरीणबाई तिथं येऊन तपासत असे. चारुशीला त्या केंद्राची कार्यकर्ती, पस्तीस-छत्तीसची, खांद्याला कापडी पिशवी. त्यांची एक रीत होती. कोणाच्या दारात गेलं की आजाराचं नाव काढायचं नाही, आपलं काहीतरी अडलेलं काम घेऊन जायचं.

"जयभीम, ताई," ती म्हणाली. "आमच्या केंद्राचा पंखा बंद पडला. धम्मानंददादा मोटरीचं काम करत होते म्हणे. पाहून देतील काय?"

"तो काही करत नाही आता," प्रेमलता दारातूनच म्हणाली.

"वाइंडिंग जळली असंल," आतून धम्मानंदचा आवाज आला. "ठेवून जा."

पंखा चार दिवसांत फिरायला लागला. पाचव्या दिवशी प्रेमलता शाळेतून आली तर दाराला कुलूप. चौदा वर्षांत या दाराला दिवसाउजेडी बाहेरून कुलूप लागलं नव्हतं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारीपाजारी विचारत ती धावत विहाराशी पोचली. बघते तर काय, धम्मानंद व्हरांड्यातल्या बाकावर बसलेला, समोर पंखा गरगरतोय, आणि याच्या हातात चहाचा कप. चारुशीलानं केटलीतून ओतला, त्यानं घेतला आणि तोंडाला लावला. "आधी तू पी" म्हणाला नाही. कप उजेडात धरून पाहिला नाही. भुरकन चहा प्यायला आणि वर म्हणाला, "साखर थोडी जास्त झाली."

प्रेमलताला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल घटकाभर. पण त्या आनंदाच्या अंगावर पाय देऊन जे वर आलं तो निव्वळ मत्सर होता. चौदा वर्षं मी याच्या ताटातलं आधी खाऊन दाखवते, तेव्हा याच्या घशाखाली घास उतरतो. आणि ही काल आलेली! म्हणतात ना, आयत्या बिळावर नागोबा. तिनं भावाला हाकही मारली नाही, आल्या पावली परत फिरली.

मग रोजचंच झालं. धम्मानंद सकाळी दाढी करून केंद्रात जाऊ लागला. संध्याकाळी जेवायला बसला की सुरू. चारुशीला मॅडम असं म्हणते, चारुशीला मॅडमनं तसं सांगितलं. एका जेवणात प्रेमलतानं ते नाव अकरा वेळा मोजलं. बाराव्यांदा आलं तेव्हा तिनं वरणाची पळी पातेल्यावर आपटली.

"बाई, तुले माहीत आहे काय, मॅडमलेही आवाज येत होते. माह्यासारखेच."

"सांगते तुले काहीही!"

"खरंच. ती आताही गोळी घेते. माह्यासमोर घेतली."

घ्या. म्हणजे आजारसुद्धा तिचा आणि याचा सारखा. रक्ताच्या बहिणीकडे तेवढं एक भांडवल नव्हतं.

मार्चच्या मध्यावर चारुशीला कागद घेऊन घरी आली. डॉक्टरांना भेटायला धम्मानंद आपण होऊन तयार झाला होता. तो तिथंच मोरीच्या तोंडाशी बसून कुणाच्या तरी कूलरचा पंप उघडत होता. चारुशीलानं पेन काढलं. "ताई, याच्या आधी काही औषध चालू होतं काय? डॉक्टरले सांगावं लागते."

"कायचं औषध?" धम्मानंद मान वर न करता म्हणाला, आणि त्यात जरा अभिमानच होता. "मी तं सगळ्या गोळ्या नालीत फेकून देल्ल्या होत्या. चौदा वर्षं झाले, एक गोळी पोटात नाही गेली."

चारुशीला प्रेमलताकडे बघत राहिली. पाट्यावर कालच्या चटणीचा तांबूस डाग तसाच होता.

"तो सांगते तसंच," प्रेमलता म्हणाली.

त्याच्यासमोर दुसरं काय सांगणार, हे खरं. पण विहार काही काशीला नव्हतं, दोन गल्ल्या सोडून होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन एकटीनं कानात सांगता आलं असतं. ती गेली नाही. त्या बाईपुढं मान खाली घालून उभं राहायचं, आणि तिनं ते कागदावर लिहून घ्यायचं, हे प्रेमलताच्या जिवावर आलं. इतकं साधं होतं ते.

पुढच्या शनिवारी धम्मानंद एक निळी डबी घेऊन आला, सात वारांचे सात खण. त्यानं एक गोळी काढली, तांब्यातलं पाणी घेतलं आणि तिच्या डोळ्यांदेखत गिळली. "पाहा, बाई. काही होत नाही."

प्रेमलता पाहत राहिली. ज्या गोळीसाठी तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं, दर महिन्याला त्याचं जुनं कार्ड घेऊन रांगेत उभी राहून "पेशंटले आणते पुढच्या वेळी" अशी थाप मारत जी आणली होती, ती त्यानं चण्या-फुटाण्यासारखी तोंडात टाकली. दुसरीच्या सांगण्यावरून.

त्या संध्याकाळी तव्यावर जवस तडतडत होते आणि तिच्या मुठीत तिची गोळी होती. आज टाकायची नाही, हे कळायला शिकावं लागत नाही. तिनं स्वतःला समजावलं, याचा काय भरवसा, आज घेतो, उद्या फेकेल, आठवडाभर असू दे. पण ही झाली वरवरची मलमपट्टी. आतली गोष्ट वेगळी होती. ही चटणी थांबली की या घरात आपण कोण? खिचडी तर शाळेतली पोरंही खातात. धम्मानंदला माणसांत ठेवणारी आपण, आणि ते एका निळ्या डबीला देऊन टाकायचं? तिनं गोळी पाट्यावर ठेवली आणि वरवंटा फिरवला. तो आठवडा कधी संपलाच नाही.

एप्रिल लागला. नागपूरचं ऊन काय सांगायचं, घरोघरचे कूलर माळ्यावरून उतरले आणि निम्म्यांचे पंप बंद निघाले. केंद्रानं विहाराच्या व्हरांड्यात एक टेबल टाकलं आणि धम्मानंद त्यावर बसला. डोळ्याला चष्मा, हातात टेस्टर. ज्या बाया चौदा वर्षं त्याच्या दारावरून पदर सावरून जात होत्या, त्या "धम्मादादा, एवढं पाहून द्या" म्हणत रांगेत उभ्या राहू लागल्या. सीताबर्डीला कूलरचं दुकान असलेले देवाजी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्यापर्यंत बोलवा गेली. त्यांना कारागीर हवाच होता. महिनाअखेरच्या शनिवारी येऊन ते हातचं काम बघणार होते. जमलं तर कायमची जागा.

आणि नेमका त्याच सुमारास धम्मानंदचा हात थरथरू लागला.

आधी बोटं. मग चालताना पाय घासायला लागले. बोलताना ओठांच्या कडेनं लाळ सुटायची आणि त्याला पत्ता नसायचा. बारीक तार वेटोळ्यात घालताना तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा रांगेतली एक बाई आपला पंप उचलून गेली. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. फरक नाही. "एवढ्याशा औषधानं असं व्हायला नको," शुक्रवारी येणाऱ्या त्या डॉक्टर मिनल चारुशीलाला म्हणाल्या, आणि ते चारुशीलानं येऊन प्रेमलताला सांगितलं. प्रेमलता तेव्हा तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली. खाई त्याला खवखवे, पण खवखव दाखवायची नाही म्हटलं तर माणूस किती दाखवत नाही!

खोटं कशाला सांगायचं, त्या दिवसांत तिला बरं वाटत होतं. धम्मानंद दुपारीच परत यायचा आणि चटईवर पडून राहायचा. ती ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसायची, तेल कोमट करून बोटं चोळायची. "बाई, हात ऐकत नाही वं," तो म्हणायचा. "राहू दे गा, मी आहो ना," ती म्हणायची. जेवताना ते नाव एकदाही येत नव्हतं. आपण काय करतोय ते तिला कळत होतं, आणि कळत असूनही ती संध्याकाळी तवा तापत ठेवत होती. माणसाचं मन इतकं खाली उतरू शकतं, हे तिला स्वतःला सोडून दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नव्हती.

देवाजी यायच्या आदल्या गुरुवारी धम्मानंद केंद्रातून आला तो हत्यारांची पिशवी घेऊनच. पक्कड, टेस्टर, सोल्डरिंगची कांडी, सगळं त्यानं जुन्या दुपट्ट्यात बांधलं आणि कपाटावर सारून दिलं.

"काय झालं गा?"

"उद्या डॉक्टर येऊन राहिली. फरक नसंल तं भरती करून पाहू म्हणते, दवाखान्यात." तो कपाटाला पाठ लावून खाली बसला. "मी जात नाही, बाई. त्यापरीस हे सगळंच सोडतो. गोळ्याही अन् कामही. तू सांगून दे मॅडमले, धम्मा येत नाही आता."

हेच तर हवं होतं. महिनाभर प्रेमलतानं मनातल्या मनात हेच मागितलं होतं. तिनं ताट वाढलं. तो बसला. आज त्यानं ताट तिच्याकडे सरकवलंही नाही.

"तुहंच खरं होतं, बाई," तो म्हणाला. "मी घरातच बरा होतो. तुह्या हातचं खाऊन." आणि थरथरत्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून त्यानं तो चटणीकडे नेला.

प्रेमलतानं झडप घालून ताट ओढलं. वरण सांडलं.

"नको खाऊ!"

"काहून?"

"खारट झाली," ती म्हणाली आणि चटणी मोरीत फेकून पाणी ओतत राहिली. मागं वळून पाहायची तिची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी शाळेला सुट्टी टाकून ती भावाबरोबर विहारात गेली. केंद्राच्या खोलीत ती पहिल्यांदाच पाय टाकत होती. तिथं एक टेबल, चार खुर्च्या आणि तो टेबलफॅन. डॉक्टर मिनल कागद चाळत होत्या. प्रेमलतानं चारुशीलाला दाराशी गाठलं आणि ओठ न हलवल्यासारखं म्हणाली, "याले भरती नका करू. औषध डब्बल जाऊन राहिलं. मी देते. चटणीतून. चौदा वर्षांपासून."

चारुशीलाच्या खांद्यावरची पिशवी घसरली. तिनं आत बघितलं, मग हळूच विचारलं, "त्याले बाहेर पाठवू काय, ताई? तुम्ही डॉक्टरले एकट्यात सांगा. त्याले नाही कळलं तरी चालते, हात तं सुधरंलच."

तेवढी वाट होती. कोणाला काही न कळता सगळं सुरळीत झालं असतं. आणि वाट दाखवणारी पुन्हा हीच! प्रेमलताच्या मनात आलं, हिचे उपकार घेण्यापेक्षा त्याच्या शिव्या परवडल्या.

"नको," ती म्हणाली. "त्याच्यासमोर."

आणि तिनं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. कोणत्या डॉक्टरनं काय म्हटलं होतं, गोळी कधी, किती, कशात, आणि निळी डबी आल्यावरही का थांबली नाही. "मले पाहवत नव्हतं," ती म्हणाली. "तो हिच्या हातून घेते, अन् माह्या हातून चोरून द्या लागते. मले नाही पाहवलं."

धम्मानंद खाली बघत बसला होता. आता हा उठून काय करेल, म्हणून चारुशीला त्याच्या जवळ सरकली. तो उठला नाही.

"चटणीत?" त्यानं विचारलं.

"हो."

"जवसाच्या."

"हो, धम्मा."

"मी विचारत होतो तुले. रोज विचारत होतो. तू म्हणे, काहीही बोलतं." त्यानं तोंडावरची लाळ बाहीनं पुसली. "म्हणजे मी खरं बोलून राहिलो होतो."

पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवत होता. मग धम्मानंदनं डॉक्टरांसमोरचा कागद बोटानं दाखवला. "मॅडम, यावर माहा आजार लिहून आहे ना? काय काय आहे त्यात?"

डॉक्टर मिनलनी वाचलं. आवाज ऐकू येणे. घराबाहेर न पडणे. जेवणात काहीतरी मिसळतात असा खोटा संशय.

"ते शेवटचं काटा."

डॉक्टरांनी एकदा प्रेमलताकडे बघितलं, आणि पेन काढून ती ओळ खोडली. धम्मानंदनं कागद आपल्याकडे ओढून नीट खोडली आहे ना ते पाहिलं. मग बहिणीकडे न बघता तो बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला.

भरती टळली. प्रेमलताकडच्या गोळ्या डॉक्टरांनी मागवून घेतल्या, दोन आठवड्यांत हात जागेवर येईल म्हणाल्या. चारुशीलानं देवाजींना फोन करून पंधरा दिवस थांबायला सांगितलं. सगळं मार्गी लागलं, फक्त धम्मानंदनं घरचं अन्न सोडलं.

भांडण नाही, आरडाओरडा नाही. तो सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, चटईवर पडायचा. तिनं वाढलेलं ताट झाकलेलं तसंच राहायचं. पाणीसुद्धा नळाखाली ओंजळ धरून प्यायचा. प्रेमलतानं एकदा शाळेतून येताना विहाराच्या फाटकातून पाहिलं. तो चारुशीलाच्या डब्यातली बटाट्याची भाजी खात होता, आणि ती त्याला आणखी एक पोळी वाढत होती. प्रेमलताच्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन तिनं पाटा भिंतीला उभा करून ठेवला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

अकराव्या दिवशी चारुशीला आली. या खेपेला हातात काही अडलेलं काम नव्हतं.

"काहून आली?" प्रेमलता म्हणाली. "सगळं तं भेटलं तुले."

"माही आई शिऱ्यात घालत होती," चारुशीला उंबऱ्यावर बसत म्हणाली. "मले कळलं तेव्हा सहा महिने बोलली नाही मी तिच्याशी."

"मग?"

"मग बोलली."

प्रेमलताच्या मनात महिनोन् महिने अडकलेलं शेवटी बाहेर पडलं. "तुह्या हातून काहून घेतली वं त्यानं? मी चौदा वर्षं पाया पडली त्याच्या. तुह्यात असं काय आहे?"

"काही नाही, ताई. मी त्याच्यासमोर माही गोळी खाल्ली. बस, एवढंच."

ती उठून गेली. प्रेमलता त्याच जागी बसून राहिली. एवढंच. चौदा वर्षं ती त्याच्यासमोर सगळं खात आली होती, भाकरी, वरण, भाजी. ज्यात औषध होतं तेवढं सोडून. त्यानं कधी चटणीकडे, कधी तिच्याकडे बघत खाली मान घातली होती, ती भरवसा वाटून नव्हे. बहिणीवर आळ घेतो म्हणून आपलंच डोकं फिरलं असणार, असं समजून त्यानं मान घातली होती. हे तिला त्या दुपारी कळलं, आणि कळल्यावर चारुशीलाचा राग करायलाही तिच्यात त्राण उरलं नाही.

मेच्या दुसऱ्या शनिवारी देवाजी व्हरांड्यात येऊन बसले. धम्मानंदनं त्यांच्यासमोर एक पंप उघडला, तार भरली आणि बादलीत टाकून बटण दाबलं. पाण्याची धार देवाजींच्या धोतरावर उडाली. सोमवारपासून या, ते म्हणाले. हे प्रेमलताला शेजारणीकडून कळलं. सोमवारी तो मेट्रोनं सीताबर्डीला गेला, हेही शेजारणीकडूनच.

त्याच सोमवारी संध्याकाळी ती खिचडीवाल्या बायांच्या मीटिंगहून उशिरा परतली, तर गल्लीतच जवस भाजल्याचा वास आला. दारात येऊन ती थबकली. भिंतीला उभा केलेला पाटा खाली घेतलेला होता आणि धम्मानंद त्यावर वाकून चटणी रगडत होता. मिरचीनं डोळे लाल, कपाळावर घाम. हात थरथरत नव्हता.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. त्यानं एकच ताट घेतलं. त्यात भाकरी ठेवली, तीही त्यानंच भाजलेली, एका बाजूनं करपलेली. वर पाट्यावरची चटणी काढून वाढली. मग त्यानं तुकडा मोडला, चटणीत घोळवला आणि तिच्याकडे रोखून बघत सावकाश खाल्ला. गिळला. पाणीही प्यायला नाही.

आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

"मी खाल्ली आधी. आता तू खा." तो थोडा थांबला. "का अजूनही सोसत नाही तुले जवस?"

प्रेमलतानं घास घेतला. तोंडात ठेवताच ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं हे तिनं त्याला सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. चौदा वर्षांनी ती चव जिभेवर आली होती. मीठ जास्त पडलं होतं, लसूण अगदीच कमी.

"लसूण किती घेतला गा?"

"चारुशीला मॅडमनं सांगितला तेवढाच. दोन पाकळ्या."

प्रेमलताच्या पोटात जुनी आग पुन्हा एकदा भडकून गेली. दोन पाकळ्या! त्या बाईला जवसाच्या चटणीतलं काय कळतं!

"उद्या मी सांगते तसा घाल," ती म्हणाली, आणि दुसरा घास त्याच्याआधी घेतला.